तीन मॅच, शून्य गोल: बोल्टन वाँडरर्सचं यंदा काय होणार?

हॉर्विचकर | २७ सप्टेंबर २०२०, सकाळी ११:४०

काल पुन्हा हरलो. न्यूपोर्ट काउंटीकडून, घरच्या मैदानावर, ०-२. मागच्या शनिवारी कोलचेस्टरला जाऊन ०-२. त्याच्या आधीच्या शनिवारी, लीगच्या पहिल्याच दिवशी, फॉरेस्ट ग्रीनकडून घरी ०-१. तीन मॅच, शून्य पॉइंट, शून्य गोल. लीग कपात ब्रॅडफर्डने पहिल्याच फेरीत घरी बसवलं ते या हिशेबात धरलेलंच नाही.

इथे फुटबॉलचे धागे म्हणजे युनायटेड, लिव्हरपूल, बार्सा. इंग्लंडमधल्या चौथ्या पायरीवरच्या, बोल्टन गावच्या क्लबासाठी वेगळा धागा काढतोय, हसणाऱ्यांनी आत्ताच हसून घ्या. लीग टू हे नाव फसवं आहे. वर प्रीमियर लीग, खाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन आणि मग आम्ही. दुसरी म्हणता म्हणता चौथी. इथून पडलं की फुटबॉल लीगमधून नावच जातं.

मी मूळचा मिरजेचा. नोकरी मँचेस्टरला, घर हॉर्विचला, कारण २०१४ साली तिथलं भाडं परवडलं. स्टेडियम घरापासून चालत वीस मिनिटं. पहिल्यांदा गेलो ते ऑफिसातल्या एकाकडे तिकीट जास्तीचं होतं म्हणून. थंडीने बोटं वाकत नव्हती, मध्यंतरात 'पाय' खाल्ला (पेस्ट्रीतला, आपल्या खाटकाकडचा नव्हे), मॅच रटाळ झाली. पुढच्या शनिवारी स्वतःच्या पैशाने परत गेलो. का, ते बायकोला अजून पटवून देता आलेलं नाही.

क्लब तसा खानदानी. १८७४ चा. १८८८ साली लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांतला एक. एफए कप चार वेळा, शेवटचा १९५८ साली. आपल्या पिढीला आठवतो तो मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसचा बोल्टन: ओकोचा, जोर्काएफ, कांपो. २००७ मध्ये युएफा कपात म्युनिकला जाऊन बायर्नशी २-२ बरोबरी केली होती. २०१२ ला प्रीमियर लीगमधून घसरलो आणि मग वाड्याचा एकेक वासा उतरत गेला. याआधी चौथ्या पायरीवर फक्त एकदा होतो, १९८७-८८ ला, आणि तेव्हा एका वर्षात वर आलो होतो.

आता मुद्द्याकडे. नवे मॅनेजर इयन इव्हॅट जुलैत आले. बॅरो नावाच्या छोट्या क्लबाला त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांनी फुटबॉल लीगमध्ये परत आणलं, तेही सुंदर फुटबॉल खेळून. लोक गमतीने, बार्सिलोनाच्या चालीवर, 'बॅरोसेलोना' म्हणायचे. इथे त्यांना कोरी पाटी मिळाली. वीसच्या आसपास खेळाडू नवे आहेत. ओअन डॉयल गेल्या वर्षी स्विंडनसाठी लीगमध्ये २५ गोल मारून आलाय, म्हणजे याच डिव्हिजनचा टॉप स्कोअरर. सार्सेविच प्लिमथहून आला, तो कप्तान. कागदावर ही टीम पहिल्या तिघांतली वाटते. पण मॅच कागदावर नसते, आणि सध्या तर मैदानातही नसते. ती माझ्या लॅपटॉपवर असते, आयफॉलो या ऑनलाइन प्रक्षेपणावर, दहा पौंडाला.

माझं मत सांगतो. गोलकीपरपासून छोटे पास देत चेंडू वर आणायचा हा इव्हॅटचा हट्ट मला मान्य आहे. अडचण अशी की आमचे डिफेंडर एकमेकांना अजून ओळखत नाहीत. पास देताना मान वर करून बघतात, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. शेजारी कोण आहे हे न बघता कळायला वर्ष लागतं, यांना सहा आठवडे झालेत. बिचारा डॉयल पुढे एकटाच उभा. काल त्याच्याकडे बघून लग्नात पंगत उठल्यावर आलेला पाहुणा आठवला.

तरीही 'इव्हॅट हटाव' मला मान्य नाही. त्यामागे कारण आहे, ते गेल्या वर्षीचं.

२०१९ च्या मे महिन्यात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला. त्याआधी पगार थकले होते, खेळाडूंनी संप केला म्हणून ब्रेंटफर्डबरोबरची मॅच झाली नाही. क्लबातल्या साध्या नोकरदारांसाठी धान्याची सोय करावी लागली होती. त्याची शिक्षा म्हणून उणे १२ पॉइंटांवर सीझन सुरू झाला. खेळायला माणसं नाहीत, म्हणून अकादमीतली पोरं उतरवली. १० ऑगस्टला कॉव्हेंट्रीविरुद्ध क्लबाच्या इतिहासातला सगळ्यात कोवळा संघ खेळला, सरासरी वय एकोणीसच्या आसपास. ०-० झाली. शिट्टी वाजल्यावर अख्खं स्टेडियम उभं होतं. माझ्या बाजूला बसलेला, एरवी रेफरीच्या सात पिढ्या उद्धरणारा गृहस्थ, डोळे पुसत होता. त्यानंतर त्याच पोरांनी ट्रानमियरकडून पाच खाल्ले, इप्सविचकडून पाच. मधली डॉनकास्टरची मॅच तर क्लबाने स्वतःच रद्द केली, पोरं थकलीत म्हणून.

२७ ऑगस्टला शेजारच्या बरी क्लबाला लीगमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आमचा विक्रीचा करार झाला. एका दिवसाचं अंतर! बरी इथून दोन गावं पलीकडे, १८८५ चा क्लब, एफए कप दोनदा जिंकलेला. आणि आत्ता, १६ सप्टेंबरला, मॅक्लसफील्ड हा क्लबही कोर्टाने गुंडाळला.

शेजारच्या आजोबांबद्दल सांगायचं राहिलं. पंच्याऐंशी वय. बोल्टनचा जुना दिग्गज नॅट लॉफ्टहाउस, त्याला त्यांनी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय. त्यांच्याकडे इंटरनेट नाही आणि कोरोनामुळे मी त्यांच्या घरात जाऊ शकत नाही. शनिवारी पाच वाजता ते कुंपणापाशी येतात, मी खिडकीतून आपले गोल बोटांनी दाखवतो. तीन शनिवार मूठच दाखवतोय. काल त्यांनीही उत्तरादाखल मूठ दाखवली, पण ती वेगळ्या अर्थाची होती.

---

वांगीभात | २७ सप्टेंबर २०२०, दुपारी १२:०५

१२ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात सीझन सुरू केला. पुढच्या दोन मॅच अधिक मासात. तुमच्या क्लबात पंचांग बघणारं कोणीच नाही का? १७ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, तोवर खेळाडूंना घरी बसवा.

अवांतर: मुंबई इंडियन्सवाले दर वर्षी पहिली मॅच देवाला देतात. तुम्ही तीन दिल्यात, देव भरपूर खूश असणार.

---

रेडडेव्हिल_पुणे | २७ सप्टेंबर २०२०, दुपारी १२:३०

लेख छान, पण खरं सांगू? फॉरेस्ट ग्रीन, न्यूपोर्ट ही गावांची नावं आहेत हे मला आज कळलं. इतका वेळ घालवायचाच तर ज्यात काही दर्जा आहे तो फुटबॉल बघा ना. मँचेस्टर तिथून अर्ध्या तासावर आहे. काल आम्ही, म्हणजे मँचेस्टर युनायटेडने, ब्राइटनला हरवलं. दिवे घ्या (हलकेच घ्या).

---

अवंती_जो | २७ सप्टेंबर २०२०, दुपारी १२:४१

@रेडडेव्हिल, काल तुम्ही शेवटची शिट्टी वाजून गेल्यावर मिळालेल्या पेनल्टीवर जिंकलात. आणि त्याच्या आदल्या शनिवारी पॅलेसने तुम्हाला तुमच्याच घरात ३-१ ने मारलं. दिवे घेतले, परत देतेय.

---

खासबाग_१२ | २७ सप्टेंबर २०२०, दुपारी १:५५

हॉर्विचकर भावा, वाचून अंगावर काटा आला. त्या पोरांची मॅच डोळ्यापुढं उभी राहिली.

तुम्ही तीन मॅचचं सांगताय. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या टीमनं लागोपाठ तीन मॅच घालवल्या तर चौथ्या दिवशी पोरांना चहाच्या टपरीवर उभं राहायची सोय न्हाई. टीम तालमीची, पैसा वर्गणीचा, आणि सेंटर फॉरवर्ड तुमच्याच गल्लीत दुधाची पिशवी घ्यायला येतो. त्याला काय बोलायचं ते तिथंच बोलून मोकळं. वर शाहू स्टेडियममधी गॅलरी वाटलेली. आपल्या टीमची माणसं एका अंगाला, त्यांची दुसऱ्या अंगाला, मधी पोलीस. लीगमधी सोळा टीम, मग चषकावर चषक, पार उन्हाळा संपेपर्यंत. लोकांना वाटतं कोल्हापूर म्हणजे फक्त कुस्ती. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला तवा भारताच्या टीममधी अनिकेत जाधव होता, आमचा कोल्हापूरचा.

माझी तालीम कुठली ते लिहीत न्हाई, धागा पेटंल.

आता तुमच्या मॅनेजरचं. गोलकीपरनं पायात चेंडू खेळवायला घेतला की आमच्या गॅलरीतनं एकच आवाज येतो, "हाण की रं फुडं!" आमच्याकडं पण एका कोचनं असलंच शिकवायला घेतलं हुतं. सरावात झकास दिसायचं. मॅचला पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्लं, तिथनं फुडं पोरं कोचकडं बघायचीच बंद झाली. पास वाईट न्हवता. पोरांच्या पोटात भीती बसली हुती आणि पायात पास हुता. दोन्ही एकत्र नांदत न्हाईत.

यंदा मार्चपासनं आमचं सगळं बंद आहे. निम्मा सीझन तसाच लटकला. तुम्ही हरताय तरी खरं, आम्ही ते पण न्हाई.

---

हॉर्विचकर | २७ सप्टेंबर २०२०, दुपारी २:२०

@खासबाग, "पोटात भीती आणि पायात पास". मी आठशे शब्द लिहून जे सांगू शकलो नाही ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. "हाण की रं फुडं" हेच इथे लँकशर बोलीत ओरडतात, फक्त मागे एक शिवी जास्त असते. सध्या स्टेडियम रिकामं आहे ते एका अर्थी इव्हॅटचं नशीब. प्रेक्षक असते तर गोलकीपरने तिसरा छोटा पास दिलाच नसता.

@रेडडेव्हिल, ओल्ड ट्रॅफर्डला दोनदा गेलोय. तिकीट लॉटरीने, सीट आभाळात, बाजूला दोन्ही वेळा पर्यटक. इथे पायवाला मला नावाने ओळखतो.

---

अवंती_जो | २७ सप्टेंबर २०२०, संध्या. ६:१०

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. आम्ही लीड्सला राहतो. सोळा वर्षांनी यंदा प्रीमियर लीगमध्ये आलो, त्यामुळे 'धीर धरा, मॅनेजरला वेळ द्या' हे मीच सगळ्यात आधी म्हणायला हवं. पण म्हणणार नाही.

आमचे मॅनेजर बिएल्सा आले तेव्हा खेळाडू बहुतेक तेच होते आणि ते एकमेकांना ओळखत होते. त्यांच्यावर नवी पद्धत चढवली. हॉर्विचकर, तुमच्याकडे खेळाडू नवे, मॅनेजर नवा आणि पद्धतही नवी. तिन्ही एकदम बदलायचे आणि तेही लीग टूमध्ये, जिथे समोरचा संघ चेंडू उंच टाकून तुमच्या अंगावर धावत येणार हे ठरलेलं आहे. नवीन सून आली त्याच दिवशी स्वयंपाकघर पाडून नवं बांधायला काढल्यासारखं आहे हे. निदान पहिले दोन महिने तरी पोटापुरतं साधं खेळावं. आधी दहा-बारा पॉइंट खात्यात टाकावेत, मग सुंदर फुटबॉल. लीगमधून खाली दोनच संघ जातात म्हणून निवांत राहू नका. ते दोघेही सप्टेंबरमध्ये 'अजून वेळ आहे' म्हणत असतात.

आणि पगाराची मर्यादा? ऑगस्टमध्येच क्लबांनी मतदान करून लीग टूसाठी वर्षाला पंधरा लाख पौंड ठरवलेत ना? म्हणजे जानेवारीत 'चुकलं, आता दुसरे आणू' म्हणायचीही फारशी सोय नाही.

---

हॉर्विचकर | २७ सप्टेंबर २०२०, संध्या. ७:३५

अवंतीताई, सुनेचा दृष्टांत बायकोला वाचून दाखवला. ती तुमच्या बाजूने आहे. दोन्ही बाबतींत.

तरी सांगतो. साधं खेळायला सांगितलं की माणूस साधंच खेळत राहतो. 'आधी पॉइंट, मग पद्धत' म्हणणाऱ्यांची पद्धत कधी येतच नाही, हे आम्ही गेली आठ वर्षं बघितलंय. दर सीझनला 'यंदा फक्त टिकू या', आणि टिकता टिकता दुसऱ्या पायरीवरून चौथीवर आलो. पगाराच्या मर्यादेचं मात्र तुमचं बरोबर. माझी झोप उडवायला तो मुद्दा पुरेसा आहे.

---

कूपरेजवाला | २७ सप्टेंबर २०२०, रात्री ९:१५

सहसा इथे लिहीत नाही, वाचतो फक्त. 'बोल्टन' हा शब्द बघून राहवलं नाही.

माझे वडील परळला गिरणीत होते. लहानपणी डबा द्यायला जायचो, तेव्हा सूतकताईच्या एका यंत्रावर ओतीव लोखंडात नाव वाचलेलं पक्कं आठवतंय: डॉब्सन अँड बार्लो, बोल्टन. मला वाटायचं बोल्टन हे कोणा तिसऱ्या भागीदाराचं नाव असेल. ते गाव आहे आणि त्या गावाला टीम आहे हे पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. कताईच्या 'म्यूल' यंत्राचा शोध लावणारा क्रॉम्प्टनही तिथलाच. तुमच्याकडच्याही गिरण्या गेल्या, आमच्याकडच्याही. तुमची टीम मात्र राहिली.

आम्ही पोरं मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचो. गिरण्यांच्या टीम, बँकांच्या टीम, रेल्वे, कस्टम्स. अर्धं ग्राउंड ओळखीचं. मग एकेक करत बंद होत गेल्या. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीने टीमच बंद केली. सकाळी पेपरात चार ओळींची बातमी, संपलं. मला त्यांची शेवटची मॅच कुठली होती हेसुद्धा सांगता येणार नाही, कारण ती शेवटची आहे हे बघताना माहीतच नव्हतं.

हॉर्विचकर, वयाने मोठा आहे म्हणून एक विचारतो. तुम्हाला काल हरल्याचा राग आला ना? गेल्या ऑगस्टमध्ये पाच-पाच गोल खाल्ले तेव्हा राग आला होता का?

---

हॉर्विचकर | २७ सप्टेंबर २०२०, रात्री ९:५०

नाही काका. तेव्हा फक्त भीती वाटायची. तिसरा गोल झाला की पोरं पडू नयेत, दुखापत होऊ नये, एवढंच. राग आत्ता येतोय.

---

म्हापशेकर | २८ सप्टेंबर २०२०, सकाळी ८:००

काका, गोव्यातून तुम्हाला अनुमोदन. आमचा धेंपो क्लब पाच वेळा भारताचा चॅम्पियन. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग ही देशपातळीवरची लीग सोडली, फेडरेशनच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून. क्लब आहेत, गोव्याच्या लीगमध्ये खेळतात, पण ती मजा गेली. रविवारी जेवून सगळे फातोर्ड्याच्या स्टेडियमला निघायचे, आता जेवून झोपतात.

---

वांगीभात | २८ सप्टेंबर २०२०, सकाळी ९:२०

सकाळी सकाळी रडवलंत सगळ्यांनी. मी आयपीएलच्या धाग्यावर चाललो, तिथे निदान फक्त शिव्या आहेत.

---

हॉर्विचकर | ६ ऑक्टोबर २०२०, सकाळी ८:३०

जिंकलो! हॅरोगेटला २-१. पहिले गोल, पहिले तीन पॉइंट.

हॅरोगेट यंदाच लीगमध्ये आलेला क्लब, त्यामुळे फार नाचायला नको हे मला कळतं. खेळ अजूनही धडधड वाढवणाराच. पण इव्हॅटने हट्ट सोडला नाही, पास मागूनच सुरू होते.

आजोबांना दोन बोटं दाखवली. इथे एक काळजी घ्यावी लागते: तळवा समोरच्याकडे हवा. हाताची मागची बाजू दाखवून तीच दोन बोटं वर केली तर ती शिवी होते. घाईत माझं नेमकं उलटं झालं. ते इतके हसले की मला वाटलं अँब्युलन्स बोलवावी लागते.

@रेडडेव्हिल_पुणे कुठे आहेत? रविवारी टॉटनहॅमविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर काय झालं म्हणे?

---

रेडडेव्हिल_पुणे | ६ ऑक्टोबर २०२०, सकाळी १०:०५

१-६. आणि लिव्हरपूलने त्याच दिवशी व्हिलाकडून सात खाल्ले, म्हणून जेवण तरी गेलं. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

---

खासबाग_१२ | ६ ऑक्टोबर २०२०, सकाळी १०:४०

नाद खुळा! लीग टूवाल्यांनी लाज राखली इंग्लंडची.

---

हॉर्विचकर | ६ डिसेंबर २०२०, दुपारी १२:१५

घरी पोर्ट वेलकडून ३-६.

सप्टेंबरमध्ये मी जे काही धीराबद्दल लिहिलं ते संपादकांना काढून टाकता येईल का? घरच्या मैदानावर तीन गोल मारूनही तीन गोलांनी हरायचं म्हणजे कला आहे. अवंतीताई, तुम्ही जिंकलात.

---

अवंती_जो | ६ डिसेंबर २०२०, दुपारी १:००

जिंकून आनंद झाला नाही. स्वयंपाकघर अजून पाडलेलंच आहे का?

---

हॉर्विचकर | ६ डिसेंबर २०२०, दुपारी १:१०

आता छपरालाही हात घातलाय.

---

रेडडेव्हिल_पुणे | ९ फेब्रुवारी २०२१, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. सहज टेबल बघितलं (हो, लीग टूचं, लॉकडाउनमध्ये माणूस काहीही बघतो). महिन्याच्या सुरुवातीला बोल्टन विसावे होते. हॉर्विचकर, आहात ना?

---

हॉर्विचकर | १० फेब्रुवारी २०२१, सकाळी ७:५०

आहे. जिवंत आहे. आयफॉलोचे दहा पौंड अजून देतोय, यावरून काय ते समजा.

पण ऐका, काहीतरी बदललंय, आणि ते फक्त मला वाटतंय असं नाही. जानेवारीत नवी माणसं आली. कीरन ली आणि एमजे विल्यम्स मध्यभागी, डेक्लन जॉन डावीकडे, वेस्ट हॅमकडून उसना आणलेला डापो अफोलायन. यातल्या एकालाही पायात चेंडू आल्यावर घाम फुटत नाही. तीन डिफेंडरांची रचना सोडून चार केलेत. गोलमध्ये आता मॅट गिल्क्स, वय अडतीस, जो तिथून मागच्या चौघांना सतत ओरडून जागेवर ठेवतो. पास तेच, पण आता ते कोणाला जाणार हे देणाऱ्याला आधी माहीत असतं, प्रतिस्पर्ध्याला नंतर.

अवंतीताईंना एक गोष्ट कबूल करतो. इव्हॅटने पद्धत सोडली नाही, पण माणसं बदलली. म्हणजे सप्टेंबरमधली ती वीस माणसांची खरेदी घाईची होती हे त्यांनी न बोलता मान्य केलं. मी तेव्हा 'एकमेकांना ओळखू दे' म्हणत होतो. त्यातल्या काहींनी एकमेकांना ओळखून उपयोग नव्हता.

---

अवंती_जो | १० फेब्रुवारी २०२१, सकाळी ८:३०

पगाराची मर्यादाही कालच रद्द झाली. माझा तोही मुद्दा गेला. मी आता कशाबद्दल भांडू?

---

खासबाग_१२ | १० फेब्रुवारी २०२१, सकाळी ९:०५

ओरडणारा म्हातारा गोलकीपर पायजेच. आमच्या टीममधी एक हुता, चेंडू कमी अडवायचा आणि डिफेंडरांना जास्त झापायचा. त्यो हुता तवर आम्ही वरच्या चारात.

---

हॉर्विचकर | ८ मे २०२१, संध्या. ६:४०

क्रॉली १, बोल्टन ४.

तिसरा नंबर, ७९ पॉइंट, थेट लीग वन. चौथा मोरकॅम्ब ७८ वर, म्हणजे एका पॉइंटाने प्लेऑफची, वर जाण्यासाठी जादा मॅच खेळायची, कटकट टळली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विसावे होतो हो! विसावे! मला काही सुचत नाही, नंतर सविस्तर लिहितो.

---

कूपरेजवाला | ८ मे २०२१, संध्या. ६:५५

अभिनंदन. फार बरं वाटलं. त्या यंत्रावरचं नाव आज पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

---

वांगीभात | ८ मे २०२१, संध्या. ७:०२

चॅम्पियन चेल्टनहॅमचे ८२. म्हणजे पितृपक्ष आणि अधिक मासातले ते नऊ पॉइंट मिळाले असते तर तुम्ही ८८ वर, पहिले. मी तेव्हाच पंचांग बघा म्हणालो होतो.

---

खासबाग_१२ | ८ मे २०२१, संध्या. ७:१०

गुलाल उधळा भावा! आमच्याकडं सगळं बंद आहे, परिस्थिती वाईट आहे, रोज कुणाची ना कुणाची बातमी येते. आज एवढी एक चांगली वाचली. आजोबांचं काय?

---

हॉर्विचकर | ८ मे २०२१, संध्या. ७:२५

लस दोन्ही झाल्या त्यांच्या, ठणठणीत आहेत. पाच वाजता कुंपणापाशी उभेच होते. मी खिडकीतून चार बोटं दाखवली. ते बघत राहिले. मग विचारलं, "आणि त्यांचे?"

एक दाखवलं.

"तो कसा काय खाल्ला?" म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.